बाहेरून वाचायची खिडकी

दहावीचे पेपर सुरू झाले की आमच्या स्वयंपाकघरात एक हिरवा डाग येतो. सकाळी तो पिठाच्या डब्याच्या झाकणावर असतो, थोड्या वेळानं परातीत उतरतो, आणि मी शेवटची भाकरी थापायला घेते तेव्हा माझ्या मनगटावर आलेला असतो. मार्चच्या आधी ऊन त्या खिडकीतून तसं तिरकं येत नाही आणि मे लागला की ते छपरावर चढतं. त्यामुळे वर्षातला एवढाच काळ त्याचा. बाहेर कडुलिंबाला मोहोर आलेला असतो, सकाळी नऊलाच झळा सुरू झालेल्या असतात, आणि मी पर्समध्ये दोन पेनं, पाण्याची बाटली आणि सुपरव्हिजनची ऑर्डर टाकून निघायच्या घाईत असते.

डाग मोराच्या मानेचा आहे. खिडकीच्या काचेवरचा तो मोर अण्णांनी काढला. अण्णा म्हणजे माझे सासरे. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत त्यांनी घरातल्या तीन खिडक्यांच्या काचा रंगवल्या. काळ्या रेघांच्या चौकटी, त्यात भरलेले पारदर्शक रंग, आणि ऊन आलं की फरशीवर सांडणारे लाल-जांभळे तुकडे. आलेले पाहुणे म्हणतात, अगदी जुन्या चर्चमध्ये असतं तसं झालंय. फोटो काढतात, अण्णांच्या हाताचं कौतुक करतात. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते. काचा रंगवणं चालू होतं त्या दिवसांत मी त्या माणसाबद्दल जे जे मनात आणलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कबूल करते, आणि त्यात शाळेचाही वाटा आहे असं जाताजाता म्हणून घेते. गणित शिकवते, पण मुलांमध्ये माझी ख्याती आहे ती परीक्षेच्या वर्गावरची. सीसीटीव्ही बाई म्हणतात मला. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. पट्टीच्या मागच्या बाजूला कोरलेली सूत्रं मी पकडली आहेत, पाण्याच्या बाटलीच्या लेबलच्या आतून लिहिलेला इतिहास पकडला आहे. कॉपी शोधायला कागद शोधावा लागत नाही. कॉपी करणारं मूल कागदाकडे कमी बघतं, माझ्याकडे जास्त बघतं. मी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत वळले की त्याची मान हलते, आणि मला कळतं.

त्या वर्षी मार्चमध्ये अण्णा माझ्याकडे तसं बघायला लागले.

आम्ही तेव्हा शुक्रवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून अक्कलकोट रोडच्या बाजूला रो-हाऊसमध्ये राहायला आलो होतो. समोरासमोर दोन रांगा, सगळी घरं सारखी. तोच फिकट पिवळा रंग, तेच तपकिरी फाटक, तीच सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. मी स्वतः पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या फाटकात स्कूटर घातली होती आणि त्यांच्याच कुत्र्याला हाड्-हाड् केलं होतं. अण्णांना मात्र जागा आवडली, कारण एमआयडीसी जवळ. तिथल्या चादरीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नक्षी काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर, वेली, कलश काढायचे. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची, आणि त्या भोकांच्या हुकमावर माग चालायचा. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी सायकल घेऊन निघायचे, कारखान्याच्या बाहेर जुन्या मंडळींबरोबर चहा प्यायचे, आतून येणारा खटाक-खटाक ऐकायचे आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत यायचे. सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती सायकल आणि तो चहा, एवढाच त्यांचा दिवस होता.

मला ते सूनबाई म्हणत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हाच मी शिक्षिका होते, म्हणून ‘बाई’ म्हणाले, आणि तेच राहिलं. बाई, भाकरी झाली का. बाई, तुमी बसा, मी चा ठेवतो. गावाकडचे लोक हसायचे.

त्यांचं गाव मंद्रूप. त्या वर्षी पेपर सुरू व्हायच्या आधी, ज्वारीची काढणी चालू असताना, आम्ही एका रविवारी तिकडे गेलो होतो. अण्णांचे थोरले चुलतभाऊ, त्यांना सगळे बापू म्हणायचे, भ्रमिष्ट झाले होते. घरातून निघून जायचे, कुठल्याही रानात सापडायचे. मुलांनी त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. खोली स्वच्छ होती, पंखा होता, ताटात गरम भाकरी होती. कडी बाहेरून होती. बापू आतून दारावर हात फिरवत होते, मारत नव्हते, नुसता फिरवत होते. परत येताना अण्णा गाडीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढच्याच आठवड्यात ते काचेचे रंग घेऊन आले.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. रिकामं बसण्यापेक्षा बरं की, असं माझे यजमान संजय म्हणाले आणि त्यांच्या बाजूनं विषय संपला. अण्णा खिडकीचं सरकतं दार चौकटीतून उचलून काढायचे, कॉटवर आडवं ठेवायचे, स्पिरिटनं पुसून घ्यायचे. उभ्या काचेवर रंग ओघळतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. खाली ग्राफचा कागद, वर काच. आधी काळी रेघ. ती वाळली की ड्रॉपरनं एकेक थेंब रंग सोडायचा, आणि तो रेघेपर्यंत आपणहून पसरू द्यायचा. बुडबुडा आला तर सुईनं फोडायचा. घरभर थिनरचा वास. भातालाही तो वास यायचा. मी कुरकुर केली तर म्हणाले, “चार दिसांचं काम हाय बाई. वास जातो, रंग ऱ्हातो.”

पहिला संशय मला मेंदीच्या कोनांवरून आला.

अण्णांच्या टेबलाच्या खणात मी टाचणी शोधत होते, तर आत प्लास्टिकचे सहा कोन, रबर लावून नीट ठेवलेले. सत्तरीच्या पुढचा विधुर माणूस आणि मेंदी. विचारलं, तर म्हणाले, पांढऱ्या डिंकात काळा रंग कालवून कोनात भरला की रेघ चांगली येते. हे पटण्यासारखं होतं. पण कोन कुणी करून दिले?

“समोरच्या पद्मक्कानं,” म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. तसंच. वर्गात बघतात तसं.

पद्मक्का आमच्या बरोबर समोरच्या घरात राहायची. साठीची, ठेंगणी, घरात तेलुगू बोलणारी, कपाळावर ठसठशीत कुंकवाऐवजी बारीक काळी टिकली. नवरा नाही, मुलगा हैदराबादला. दिवसभर ओट्यावर शिलाई मशीन टाकून टॉवेलच्या कडा शिवायची. अण्णांच्याच कारखान्यात ती पूर्वी कडा शिवायला होती हे मला त्या आठवड्यात कळलं. म्हणजे ओळख जुनी. मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? मी मनातल्या वहीत टीप करून ठेवली.

एकदा टीप करायला बसलं की टिपण्यासारखं पुष्कळ मिळतं. एका दुपारी पेपर सुटल्यावर येत होते, तर गल्लीच्या वळणावर पद्मक्का अण्णांचा हात धरून चालत होती. दुसऱ्या हातात त्यांची सायकल. मला बघून तिनं हात सोडला आणि म्हणाली, “काय टीचर, आज लवकर?” अण्णांनी सायकल तिच्या हातातून घेतली. घरी आल्यावर भाजी गरम करताना माझ्या डोक्यात भाजीपेक्षा जास्त काहीतरी रटरटत होतं. लोक काय म्हणतील, हा एक विचार. सासूबाईंच्या फोटोला मी रोज फूल घालते, हा दुसरा. आणि तिसरा, जो मला स्वतःलाच आवडला नाही: मला कसं फसवलं यांनी, इतके दिवस माझ्या नाकाखाली.

स्वयंपाकघरातला मोर झाला, मधल्या खोलीत चौकटी-चौकटींची चादरीसारखी नक्षी झाली, आणि शेवटी पुढच्या खोलीची खिडकी आली. ती गल्लीकडची. म्हणजे पद्मक्काकडची. त्यावर अण्णांनी वेल काढली. या कोपऱ्यातून निघून त्या कोपऱ्यात गेलेली, कळ्या, फुलं, वळलेले तणावे. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण रंग वाळल्यावर त्यांनी काचेला आतल्या बाजूनं, रंगाच्या मागून, पातळ पांढरा हात मारला.

मी बघतच राहिले. काच रंगवायची कशासाठी, तर उजेड रंगीत होऊन आत यावा म्हणून. यांनी पांढरा देऊन आतला उजेड दुधासारखा करून टाकला. रंग दिसणार ते बाहेरच्याला. घरात बसणाऱ्याच्या वाट्याला नुसत्या वेलीच्या सावल्या.

“अण्णा, हे असं का?”

“बाहेरनं उठून दिसतंय बाई, दिवसाढवळ्या.”

“बाहेरून कुणाला बघायचंय?”

त्यांनी कोन पुसायला घेतला. म्हणाले, “चादरीला उलटी बाजू नसती. दोनी अंगानं नक्षी. नाव इणलं की मग मातर उलटी बाजू येती.” मी काय विचारलं आणि हे काय सांगतात, असं झालं मला. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे: चादर कशीही पांघरा, पण काठावरचं कारखान्याचं नाव एकाच बाजूनं वाचता येतं. त्यात सांगण्यासारखं काय?

पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी मी पुढच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. ऊन खिडकीवर होतं. पांढऱ्यातून वेलीची सावली दिसत होती, आणि मधोमध तीन-चार तणावे मला वेगळे वाटले. फार गोल, फार मुद्दाम वळवलेले. पानाला असं कोण वळवतं? मी उठून जवळ गेले. लांब गेले. पुन्हा जवळ आले. ती अक्षरं होती. आणि ती आपली नव्हती. गोल गोल, डोक्यावर रेघ नसलेली. शुक्रवार पेठेत आमच्या खालच्या पंचांगवाल्या दुकानावर असायची तशी.

तेलुगू.

मी खाली बसले. मला आठवतं, माझ्या हातात लाल पेन होतं आणि कुणाच्या तरी वहीवर त्याचा भला मोठा ठिपका झाला. पूर्वग्रहानं बघू नये, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ऐकलं नाही. सगळं जुळत होतं. जुनी ओळख, कोन, हात धरून चालणं, समोरची खिडकी, बाहेरून दिसावा म्हणून दिलेला पांढरा रंग. हा माणूस तिच्या भाषेत, तिच्या दारासमोर, माझ्या घराच्या काचेवर काहीतरी लिहीत होता. आणि घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून तेलुगूत. बाकीच्या दोन खिडक्या रंगवल्या त्या तरी कशाला? हेही मला कळलं. हुशार मुलं अशीच करतात. सगळी पट्टी नावानं आणि फुलांनी भरतात, म्हणजे मधलं सूत्र दिसत नाही.

मी मोबाइलवर फोटो काढला आणि दोन दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरले.

भूमितीचा पेपर झाला त्या दिवशी मला धीर राहिला नाही. अण्णा अजून सायकलवरून आले नव्हते. मी स्कूटर फाटकात लावली, स्कार्फसुद्धा सोडला नाही, आणि तडक समोर गेले. पद्मक्का ओट्यावर मशीनपुढे बसली होती. तिच्या मांडीवर गुलाबी टॉवेलांचा ढीग.

“ये टीचर. पाणी देऊ का? लई ऊन हाय.”

“पाणी नको. हे वाचून दाखवा.” मी फोन तिच्यापुढे धरला.

तिनं हात टॉवेलला पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. “काय वाचू? फुलं हायत की.”

“फुलांत अक्षरं आहेत. तेलुगूतली.”

“असतील.” तिनं फोन परत दिला. “मला कुठं येतंय वाचायला तेलुगू?”

मला वाटलं ती टाळतेय. “तुम्ही घरात तेलुगूच बोलता ना?”

“बोलते की. बोलायला काय जातंय. वाचते मराठी. शाळा मराठीच होती माझी, चौथीपर्यंत. आमच्यात लई जणांचं असंच हाय. माझ्या आईचं पत्र यायचं ते बी मराठीत.” मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मला काय विचारायचं होतं ते तिला समजलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग तो गेला. “अण्णांनी काढलेलं फोनमध्ये काय बघतीस? फोनमध्ये तू घरात बसून काढलाय फोटो. मागं वळून बघ की जरा.”

मी वळले.

रोज मी त्या खिडकीच्या पुढून जात होते, पण स्कूटरवरून, हाताच्या अंतरावरून, तोंडाला स्कार्फ बांधून. तिथून नुसती पानं दिसायची. किती अंतरावरून नक्षी जुळून येते हे ज्यानं आयुष्यभर ओळखलं, त्यानं ती पद्मक्काच्या ओट्याजवळून, गल्लीत शिरणाऱ्या माणसाला दिसेल अशी बसवली होती. पांढऱ्यावर वेल झळाळत होती. तिची वरची आडवी फांदी म्हणजे डोक्यावरची रेघ होती. खाली तणावे नव्हते, फुलं नव्हती. मराठी होतं. आतून उलटं दिसणारं, म्हणून मला परकं वाटलेलं, साधं आमच्या घरातलं मराठी.

ह्येच की.

एवढंच लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. तरी कळेना. हेच काय? कुणाला सांगतात?

“स्वतःला,” पद्मक्का म्हणाली.

तिनं मशीन थांबवून सगळं सांगितलं. थंडीपासून अण्णांना घर सापडत नव्हतं. सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे. एकदा चौथ्या घरात जाऊन चपला काढून बसले. एकदा तिच्याच घरात शिरले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, बाई, पाणी आना. तिनं पाणी दिलं, पिऊ दिलं, मग हाताला धरून समोर आणून सोडलं. त्यांना वाटेतच उमजलं आणि ते गल्लीतच रडले. “मला म्हणाले, घरी सांगू नको पद्मा. कडी लावतील बाहेरनं.” तिनं टॉवेल सरळ केला. “तेवढ्यासाठी कोन करून दिले मी. मी रोज बघत असते हितं बसून. वाचतात, मग जातात बरोबर.”

त्या वेळी तिच्या ओट्यावर उभं राहून मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली. मंद्रूपच्या त्या दारावर फिरणारा बापूंचा हात मला आठवला. तो मीही बघितला होता, अण्णांच्या शेजारी उभी राहून बघितला होता. सगळीकडे दोन आणि दोन चार करणाऱ्या मला ही बेरीज कशी दिसली नाही?

आणि तेव्हाच अण्णा गल्लीच्या वळणावर आले. सायकल हातात, टोपी ऊन लागून तिरकी झालेली. पद्मक्कानं माझं मनगट दाबलं, बोलू नको म्हणून. ते थांबले. पहिल्या घराकडे बघितलं, दुसऱ्याकडे. ओठ हलत होते. मग वेलीवर नजर गेली आणि उजव्या हाताचं एक बोट सायकलच्या मुठीवर हळूहळू फिरायला लागलं, अक्षरावरून फिरावं तसं. चेहरा मोकळा झाला. आम्ही दोघी टॉवेलांच्या ढिगामागे उभ्या आहोत हे त्यांनी बघितलंही नाही. फाटक उघडून ते घरात गेले.

इतक्या वर्षांत मी पकडलेली ती सगळ्यात मोठी कॉपी होती. आणि परीक्षा देणारा माणूस काय चोरत होता, तर स्वतःचं घर.

संध्याकाळी चहा देताना मी म्हणाले, “अण्णा, वेलीतलं वाचलं मी.”

त्यांचा कप बशीत वाजला. पण पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो नक्षीवाल्याचा होता. “कुटनं वाचलं?”

“पद्मक्काच्या ओट्यावरून.”

“तितनं सरळ येतंय न्हवं? अक्षर फाटायलं न्हाय ना कुटं?”

“नाही. नीट येतंय.”

त्यांनी कप बशीत नीट बसवला. मधल्या खोलीतला जांभळा उजेड त्यांच्या पायावरून भिंतीवर गेला होता. “मग आता,” ते म्हणाले, “पेपर काढून घेनार व्हय, बाई?”

वर्गावर कुणी असं विचारलं तर माझ्याकडे ठरलेलं उत्तर आहे. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, “वेळ संपायला अवकाश आहे अजून. लिहा तुम्ही.”

संजयना मी पेपर संपल्यावर सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं ते नव्हतं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, अण्णांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी आली. संजय एकदा म्हणाले, सायकल काढून टाकू या, आणि दुपारचं दार… मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. आमच्या घराच्या कुठल्याही दाराला बाहेरून कडी लागणार नाही, एवढी एकच गोष्ट मी त्या घरात भांडून मिळवली. त्यानंतर पुढचं दीड वर्ष अण्णा रोज सायकल घेऊन गेले आणि रोज वाचून परत आले. आता सायकल जिन्याखाली आहे. एमआयडीसीही आता ते विसरले, पण खटाक-खटाक कानावर आलं की मान त्या बाजूला वळते.

‘बाई’ मात्र राहिलं आहे. सून म्हणून बाई, की कुठली तरी शाळेतली म्हणून बाई, हे मी विचारत नाही. संशय आहे, पण विचारत नाही.

रोज संध्याकाळी उन्हं उतरली की मी त्यांना पद्मक्काच्या ओट्यापर्यंत नेते. तिथून ते घर शोधतात आणि स्वतः चालत येतात, मी चार पावलं मागे. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी वाचलं नाही. नुसतं बघत राहिले. मी जवळ जाऊन बघितलं, तर सोलापूरच्या उन्हानं वेलीचं व्हायचं ते झालं होतं. पांढरा रंग पोपडे धरून सुटला होता आणि काळी रेघ मधूनच गळून पडली होती. मी पद्मक्काकडून कोन आणले, रविवारी खिडकीचं दार कॉटवर आडवं घातलं आणि गळलेली अक्षरं माझ्या हातानं पुन्हा लिहिली. गणित शिकवणाऱ्या बाईचं अक्षर. सुवाच्य, ठसठशीत, सरळ.

आतून सरळ.

संध्याकाळी ओट्यावर गेलो. अण्णांनी खिडकीकडे बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली, आणि आमच्या घरावरून पुढे चालत गेले. पाचव्या घराच्या फाटकाला हात घातला तेव्हा मी धावले. माझी चूक मला तिथं कळली. आतून सरळ लिहिलं म्हणजे बाहेरून उलटं. आधी उलट्या अक्षरांना मी परकं म्हटलं होतं, आता सरळ लिहून त्यांचं घर परकं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ब्लेडनं ती अक्षरं खरवडली. स्वतः उलटं लिहून बघितलं कागदावर. ‘की’ची वेलांटी दर वेळी चुकीच्या बाजूला पडायची. शेवटी काच अण्णांपुढे ठेवली आणि कोन त्यांच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. सांगून त्यांना कळलंही नसतं. त्यांनी कोन दोन बोटांत फिरवला, टोक अंगठ्यावर टेकवून बघितलं, आणि काचेच्या उजव्या अंगानं सुरुवात केली. खाली कागद नाही, मोजमाप नाही. हात थरथरत होता, पण रेघ काचेला टेकली की थरथर थांबायची. ‘ह्ये’ आलं, ‘च’ आला, ‘की’ आला, सगळं पाठमोरं, आणि वरून एक सलग फांदी. डोकं विसरलं होतं, हात विसरला नव्हता. लिहून झाल्यावर ते मागे सरकले, आपण काढलेल्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, “ह्ये तेलुगू हाय का वो, बाई?”

मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. कोनाचं टोक पुसून मी तो खणात ठेवला.

परवा रंग वाळला. खिडकी चौकटीत बसवून मी त्यांना घेऊन समोर गेले. पद्मक्का मशीनवर होती. ती उठून अण्णांच्या मागे उभी राहिली. मी थोडी पुढे, गल्लीच्या मधोमध, माझी पाठ त्यांच्याकडे. नव्या पांढऱ्यावर वेल चांगली उठली होती.

“वाचा अण्णा,” मी म्हणाले. “आपलं घर कुठलं?”

लांबून कारखान्याचा खटाक-खटाक. मी माझ्या चपलांकडे बघत होते आणि माझ्या छातीत धडधडत होतं, पहिल्या पेपरच्या पहिल्या घंटेला मुलांच्या छातीत होत असेल तसं. मग माझ्या पाठीमागे काहीतरी कुजबुजल्यासारखं झालं. बायकी आवाज होता. दोनच शब्द असावेत. आणि त्यानंतर अण्णा म्हणाले, स्पष्ट, थोडं चिडून, इतकं सोपं मला कशाला विचारता अशा सुरात: “ह्येच की.”

त्यांनी वाचलं की त्यांना कुणी सांगितलं, ते मी बघितलं नाही. इतक्या वर्षांच्या सुपरव्हिजनमध्ये पहिल्यांदा मला मागे वळायचं नव्हतं. अण्णा माझ्या शेजारून पुढे गेले, फाटक उघडलं आणि घरात शिरले.